व्यक्तिचित्रांतले केस : पगडीखाली, पदराआड आणि पाठीमागे

अबोली (धागाकर्ती, म्हणजे ही चर्चा सुरू करणारी)

चित्रातली बाई कोण हे कुणाला माहीत नसतं, चित्रकाराची सही नसते, तरी तिचे केस बघून जाणकार चित्राचा काळ सांगतात. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे इजिप्तमधली फायुमची व्यक्तिचित्रं. रोमन अमलात तिथे ममीच्या चेहऱ्यावर लाकडी फळी बसवत आणि त्या फळीवर मृत माणसाचा चेहरा रंगवलेला असे. बऱ्याचशा फळ्यांवर रंग मेणात कालवून लावलेत. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना १८८८ मध्ये हवारा इथल्या दफनभूमीत अशी कितीतरी चित्रं सापडली. बहुतेकांवर नाव नाही, साल तर नाहीच.

मग काळ कसा ठरवला? रोमच्या सम्राज्ञींचे चेहरे नाण्यांवर छापले जात, आणि नाण्यांचं साल बऱ्यापैकी नक्की सांगता येतं. सम्राज्ञीने केसांची ठेवण बदलली की ती नाण्यांबरोबर आणि पुतळ्यांबरोबर साम्राज्यभर पोचायची. पहिल्या शतकाच्या अखेरीस फ्लेवियन घराण्यातल्या बायका कपाळावर कुरळ्या बटांची उंच कमान उभारत. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर थोरल्या फॉस्टिनाने वेण्यांचं वेटोळं थेट टाळूवर नेऊन बसवलं. पुढे सम्राज्ञी ज्युलिया डोम्नाच्या वेळी मधोमध भांग आणि दोन्ही बाजूंना जाड, लाटांचे केस आले. फायुममधल्या एखाद्या मुलीच्या कपाळावर ती कमान दिसली की तिचा जन्म कुठल्या पिढीतला हे कळतं. जिचं नावसुद्धा उरलं नाही तिची पिढी तिच्या बटा सांगतात, याने मी भारावून जाते.

हे सगळं वाचताना मनात सारखं पुणं येत होतं. आपल्याकडेही व्यक्तिचित्रं आहेत. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्यात आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांना समोर बसवून त्याने चित्रं काढली. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली आणि गंगाराम तांबट तिथे तयार झाला. चेहरे, शेले, मोत्यांचे कंठे, पगडीवरचा तुरा, सगळं नजरेत भरतं. केस मात्र दिसत नाहीत. पुरुषांच्या डोक्यावर पगडी, आणि बाई चित्रात असलीच तर डोक्यावर पदर.

तर माझा प्रश्न असा : युरोपातल्या चित्रांतून केसांचा इतिहास जसा वाचता येतो, तसा आपल्याकडे कशातून वाचायचा? पगडीखाली आणि पदराआड काय होतं, हे कुठे बघायला मिळतं?

कसबापेठ

उत्तम विषय, अबोलीताई. पगडीखाली काय होतं तेवढं मी सांगतो.

पेशवाईतल्या ब्राह्मण पुरुषाचं डोकं बहुतांशी तासलेलं असे. मध्यभागी गोल घेरा राखायचा आणि त्यात शेंडीची गाठ. काही जण कपाळाच्या वरच्या कडेला केसांची पातळ ओळ ठेवत, तिला संजाब म्हणत. घेरा किती मोठा, संजाब आहे की नाही, यावरून माणूस भिक्षुकी वळणाचा की दरबारी वळणाचा याचा अंदाज यायचा. म्हणजे केशरचना होतीच आणि तिला अर्थही होता. फक्त ती घरात, देवघरात आणि न्हाव्यासमोर दिसे. चारचौघांत पगडी.

ही पगडी आयती बांधून मिळायची. पगडबंद ती घडवून, शिवून देत आणि ती टोपीसारखी डोक्यावर चढवायची. तासलेल्या डोक्यावर ती चपखल बसते. माझं मत असं, की पुढे मुलं सगळ्या डोक्यावर केस राखायला लागली तशी पगडी मागे पडून काळी टोपी आली, यात फॅशनइतकाच बसण्या-न बसण्याचाही भाग होता.

मराठा सरदारांचं थोडं वेगळं. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली जी चित्रं युरोपातल्या संग्रहांत आहेत, त्यांत शिरोभूषणाखालून कानाजवळ उतरलेले कल्ले आणि टोकदार दाढी स्पष्ट दिसते. मनुची या इटालियन प्रवाशासाठी मीर मुहम्मदने काढलेलं घोड्यावरचं चित्र बघा. मुघल आणि दख्खनी दरबारांत कल्ल्यांना मोठा मान होता. त्यामुळे पगडी असली तरी कानाजवळची दोन बोटं जागा बघायची, तिथे इतिहास सापडतो.

रेशीमगाठ

वाचतेय. वाचनखूण साठवली.

कुंचला

मी अनेक वर्षं चित्रकला शिकवली, त्यामुळे थोडं विस्ताराने लिहितो.

अबोलीताईंनी युरोपची बाजू जरा सोपी करून मांडली आहे. तिथल्या चित्रांतले केस नेहमीच डोक्यावर उगवलेले नव्हते. फ्रेंच चित्रकार रिगोने १७०१ मध्ये काढलेलं चौदाव्या लुईचं चित्र घ्या. राजा तेव्हा साठीपार होता आणि डोक्यावर दिसतो तो काळाभोर, खांद्यावरून ओघळणारा कृत्रिम केसांचा टोप. त्या चित्रात केसांचं काम राजमुकुटाचं आहे. प्रत्यक्ष मुकुट बाजूला उशीवर ठेवलाय, आणि डोळा आधी जातो टोपाकडे.

आता याच्या उलट टोक. पंधराव्या शतकात उच्चकुलीन बायका कपाळावरचे केस उपटून कपाळ उंच करत. रॉजियर व्हॅन डर वेडनने १४६० च्या सुमारास काढलेली अनामिक स्त्री वॉशिंग्टनला आहे. केस इतके मागे ओढलेत की पारदर्शक ओढणीखालचं कपाळ चेहऱ्याचा अर्धा भाग व्यापतं. इटलीत पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने रंगवलेली बात्तिस्ता स्फोर्त्सा तशीच. तिच्या कानाजवळ वेणी, फीत आणि रत्नं मिळून जी गुंडाळी आहे ती रंगवताना पिएरोने भूमितीचा सगळा आनंद लुटलाय.

विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगायचो. केस रंगवायचे म्हणजे एकेक केस काढायचा नाही. आधी सगळ्या केसांचा एक घाट पकडायचा, त्यावर उजेड कुठून पडतो ते ठरवायचं, आणि शेवटी कडेला चार-दोन सुटे केस. ड्युररने मात्र १५०० सालच्या आत्मचित्रात एकेक बट तारेसारखी ओढली आणि तरीही घाट सांभाळला. ते म्युनिकचं चित्र छापील स्वरूपात तरी प्रत्येकाने बघावं. पुरुषाचे खांद्यावर रुळणारे, पिळदार केस. तशी ठेवण लोक ख्रिस्ताच्या चित्रांत बघत आले होते. स्वतःला तसं काढणं हे फार मोठं विधान होतं.

डेक्कनकर

सरांच्या टोपाच्या मुद्द्याला जोडून पावडरचं सांगतो. अठराव्या शतकात युरोपात टोपाला आणि खऱ्या केसांनाही पांढरी पावडर लावत. ती मुख्यतः स्टार्चची, म्हणजे शेवटी धान्याचीच. १७९५ मध्ये पंतप्रधान पिटच्या सरकारने इंग्लंडात केसांच्या पावडरवर कर बसवला. पावडर लावायची तर वर्षाला एक गिनी भरून दाखला घ्यायचा. त्याच वर्षी धान्याची टंचाई होती, भाकरीसाठी दंगे होत होते. ड्यूक ऑफ बेडफर्ड आणि त्याच्या मित्रांनी करापुढे मान तुकवण्याऐवजी केसच कापले. त्यानंतरच्या इंग्लिश व्यक्तिचित्रांत आखूड, नैसर्गिक रंगाचे केस दिसू लागतात. फ्रान्समध्ये तर क्रांतीनंतर व्हॉल्टेअरच्या 'ब्रुटस' नाटकातल्या टायटसच्या नावाने आखूड केसांची ठेवण आली आणि ती बायकांनीही उचलली. व्हिजे ल ब्रँ या चित्रकर्तीने क्रांतीच्या आधीच आपल्यासमोर बसणाऱ्या बायकांना पावडर न लावण्याचा आग्रह धरला होता.

याच १७९५ मध्ये वेल्स वारला, आणि त्याच वर्षी सवाई माधवराव गेले. पुढे थॉमस डॅनियलने वेल्सच्या रेखाटनांवरून पुणे दरबारातल्या तहाचं मोठं चित्र १८०५ मध्ये पूर्ण केलं. एकाच दरबारात एकीकडे इंग्रजांची उघडी डोकी आणि एकीकडे आपल्या पगड्या. आपल्याकडे उघडं डोकं म्हणजे अशुभ किंवा अपमान. पगडी उतरवणं म्हणजे शरण जाणं. त्यांच्याकडे वरिष्ठांसमोर टोपी काढणं हा आदर. दोन्ही समाजांत चित्रकाराने काय दाखवायचं हे या रिवाजानेच ठरवलं, केसांच्या सौंदर्याने नव्हे.

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी. मी नाटकाच्या रंगभूषेचं काम करते, टोप आणि गंगावनं (जोडायचे खोटे केस) हाताळण्यात आयुष्य गेलं. तुमच्या चर्चेत एक महत्त्वाची गोष्ट राहिली आहे असं मला वाटतं.

महाराष्ट्रातल्या बाईची केशरचना समोरून दिसतच नाही. ती पाठीमागे असते.

समोर काय? मधोमध भांग, तेल लावून चापूनचोपून मागे घेतलेले केस. गरीब घर असो की श्रीमंत, समोरून फार फरक नाही. कारागिरी सगळी मागे. अंबाडा मानेवर की जरा वर, खोपा की बुचडा, तिपेडी वेणी की पाचपेडी, वेणीचं वेटोळं घातलंय की सोडलीय, त्यात मूद, राखडी, केतकी, अग्रफूल, नाग, गोंडे काय काय खोवलंय. लहान मुलींच्या वेणीवर केवडा, नागपंचमीला वेगळा थाट. घरातली सुबत्ता, बाईचं वय, सणवार, सगळं मागे लिहिलेलं. आणि व्यक्तिचित्र काढतात समोरून!

युरोपात कपाळ आणि कानांभोवतीच्या बटा हा केशरचनेचा मुख्य भाग, म्हणून समोरून किंवा बाजूने काढलेल्या चित्रात तो पकडला गेला. आपला पकडला गेला नाही. पदर नसता तरीही गेला नसता.

म्हणून आपला इतिहास वस्तूंमध्ये शोधावा लागतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या हजारो वस्तूंमध्ये फण्या आहेत, पाय घासायच्या वज्री आहेत, कुंकवाचे करंडे आहेत. लोक दिवे आणि अडकित्ते बघून पुढे जातात. फणीच्या दात्यांसमोर थांबा. दाट दाते उवांसाठी आणि केस चापून बसवण्यासाठी, विरळ दाते गुंता काढण्यासाठी. फणी बघून केस किती लांब आणि किती तेलकट ठेवत ते मला कळतं.

अबोली

पर्वतीपायथाताई, तुमच्या प्रतिसादाने माझा प्रश्नच बदलला. मी पगडी आणि पदरात अडकले होते.

आणि लगेच दोन गोष्टी आठवल्या. एक, जपान. उतामारो या तिथल्या चित्रकाराच्या चित्रांत बाईची मान आणि मागचे केस हाच सौंदर्याचा गाभा. १७९५ च्या सुमाराचं त्याचं एक चित्र आहे : ताकाशिमा ओहिसा नावाची तरुणी दोन आरसे धरून आपली मागची केशरचना बघतेय. चित्रकाराला मागची बाजू दाखवायची आहे आणि चेहराही सोडायचा नाही, म्हणून आरसा. म्हणजे ज्या समाजाला मागची बाजू महत्त्वाची वाटली त्याच्या चित्रकाराने तोड काढली.

दुसरं, अजिंठा. सतराव्या लेण्यातली आरशात बघणारी राजस्त्री सगळ्यांना माहीत आहे. पण तिच्या आसपासच्या आणि पहिल्या लेण्यातल्या बायका बघा. कुणी पाठमोरी, कुणी तीन-चतुर्थांश वळलेली, मानेवर सैल अंबाडा, त्यात फुलं, कपाळावर कुरळ्या बटा. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकारांना बाई सगळ्या बाजूंनी माहीत होती. ती व्यक्तिचित्रं नाहीत हे खरं, पण केसांचा पुरावा म्हणून तेलरंगातल्या कित्येक व्यक्तिचित्रांपेक्षा मला ती जास्त भरवशाची वाटतात.

मुळाकाठ

आमच्या आजीच्या डोहाळेजेवणाच्या फोटोत हेच आहे! तिला मोठ्या आरशापुढे तिरकं बसवलंय. चेहरा कॅमेऱ्याकडे आणि आरशात फुलांनी भरलेली वेणी. मला लहानपणी वाटायचं दोन बायका आहेत. फोटोवाल्याने उतामारोचं चित्र कधी पाहिलं नसणार, पण अडचण तीच आणि तोडही तीच.

कसबापेठ

अनुमोदन. आणि भारत इतिहास संशोधक मंडळात असलेलं 'तारीफ-ए-हुसेनशाही' विसरू नका. अहमदनगरच्या निजामशाहीत १५६५ नंतरच्या काही वर्षांत झालेलं हे हस्तलिखित आपल्या पुण्यात आहे. त्यात राणी खुन्झा हुमायूं सुलतानाशेजारी चित्रित होती. पुढे ती मर्जीतून उतरल्यावर बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसली किंवा रंगाखाली झाकली गेली. निजामशाही शैलीतल्या बायकांची लांब वेणी आणि टोकाला गोंडा हे त्या काळच्या चित्रांचं वैशिष्ट्य. गोंडे आपल्याकडे पुढे कितीतरी पिढ्या टिकले.

आणखी जुनं बघायचं तर नाणेघाट. जुन्नरजवळच्या त्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा कोरल्या होत्या. वर नावं आहेत : सिमुक, सातकर्णी, नागनिका. पुणे जिल्ह्यातली ही सगळ्यात जुनी नावानिशी केलेली व्यक्तिशिल्पं म्हणायला हवीत. आज तिथे पायांचे अवशेष तेवढे उरलेत. नागनिकेसारखी राणी, जिचा एवढा मोठा लेख शेजारच्या भिंतीवर आहे, तिने केस कसे बांधले होते ते आपल्याला कधीच दिसणार नाही. मी तिथे गेलो की याची हळहळ वाटते.

रेशीमगाठ

रविवर्म्याचं काय? त्याच्या चित्रांत तर केस भरपूर आहेत. आमच्या घरातली लक्ष्मी आणि सरस्वती दोघीही मोकळ्या केसांच्या. त्यावरून एकोणिसाव्या शतकातल्या बायकांचे केस कळत नाहीत का?

कुंचला

रेशीमगाठ, प्रश्न चांगला आहे आणि उत्तर दोन भागांत द्यावं लागेल.

रविवर्म्याचं १८८९ च्या सुमाराचं वाद्यवृंदाचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अकरा बायका, हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या. वेषाबरोबर केसांची ठेवणही प्रत्येकीची निराळी. केस माळणाऱ्या नायर स्त्रीचं त्याचं चित्र तर १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात गौरवलं गेलं. डोक्याच्या एका बाजूला बांधलेला तो बुचडा त्याने लहानपणापासून घरात पाहिलेला. अशा चित्रांवर पुरावा म्हणून विश्वास ठेवावा.

देवींचं मात्र वेगळं आहे. त्या काळी घरंदाज बाई केस मोकळे सोडून चारचौघांत बसत नसे. न्हाल्यावर केस वाळेपर्यंत ते मोकळे, नाहीतर शोकात. द्रौपदीचे मोकळे केस म्हणजे प्रतिज्ञा. रविवर्म्याने लक्ष्मी-सरस्वतीला जे मोकळे, लाटांचे केस दिले, त्यात युरोपीय चित्रांचा अभ्यास आणि रंगमंचाचा थाट दोन्ही आहेत. त्याचा छापखाना मुंबईहून लोणावळ्याजवळ मळवलीला आला आणि तिथून निघालेल्या तसबिरींनी घराघरांतले देव्हारे भरले. त्यामुळे ज्या घरात सुनेला मोकळ्या केसांनी स्वयंपाकघराबाहेर येता येत नव्हतं, त्याच घरात देवीचे केस मोकळे होते. त्या तसबिरींवरून देवी कशी दिसावी ही लोकांची इच्छा कळते. घरातली बाई कशी दिसत होती ते कळत नाही.

पुण्याची चित्रशाळा ही तसबिरी छापणारी संस्थाही विसरायला नको (शनिवारवाड्यातली चित्रशाळा वेगळी). विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये ती काढली. तिच्या रंगीत तसबिरींनी नाना फडणवीस आणि इतर ऐतिहासिक पुरुषांचे चेहरे लोकांच्या मनात पक्के केले. पगडीसकट.

शनिवारची_सावली

इतके दिवस फक्त वाचत होते. आज लिहायला हवं असं वाटलं.

तुम्ही सगळे केसांबद्दल लिहिताय. ज्यांना केस ठेवू दिले नाहीत त्यांच्याबद्दलही लिहू या.

आमच्या घरात एकत्र कुटुंबाचा मोठा फोटो आहे. आजोबा, त्यांचे भाऊ, सगळ्या काकू, मांडीवर मुलं. आजोबांची थोरली बहीण त्याच घरात राहत होती, पण फोटोत नाही. ती बालविधवा, सोवळी. डोक्याचं वपन झालेलं, म्हणजे केस भादरलेले, अंगावर आलवण, म्हणजे विधवेचं लाल लुगडं. फोटोवाला आला तेव्हा ती माजघरात होती असं आजी सांगायची. तिला कुणी बाहेर बोलावलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तिचं एकही चित्र, एकही छायाचित्र नाही. पुण्यातल्या पेठांतल्या किती वाड्यांत अशा बायका होत्या! तेलरंगातल्या व्यक्तिचित्रांत त्या शोधून सापडत नाहीत.

म्हणून मला पंडिता रमाबाईंचं छायाचित्र फार मोलाचं वाटतं. आखूड कापलेले केस, पांढरं लुगडं, सरळ कॅमेऱ्यात बघणारे डोळे. विधवा बाई, डोकं न झाकता, जगासमोर. १८९० मध्ये त्यांनी शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणलं. त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा झाली आणि विधवांचं वपन करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. ही घटना केसांच्या इतिहासात पावडरच्या करापेक्षा खूप मोठी आहे, असं मी मनापासून मानते. पुढे हिंगण्याच्या विधवाश्रमाच्या कामात आयुष्य वेचणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी वपन सोडून पुन्हा केस वाढवले, तेव्हा त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करा.

केशरचनेचा इतिहास लिहिताना 'त्या काळी बायका अंबाडा घालत' असं लिहितात. सगळ्या नाही घालत. काहींना घालू दिला जात नव्हता. ते वाक्य पूर्ण लिहिलं गेलं पाहिजे.

पर्वतीपायथा

सावलीताई, तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

अबोली

सावलीताई, तुमचा मुद्दा मूळ लेखात हवा होता. आता तो धाग्यात आहे, आणि यापुढे कुणी हा धागा वाचेल तेव्हा तो वगळून विषय पुरा होणार नाही.

आनंदीबाई जोशींचं १८८५ चं छायाचित्र इथे मांडावंसं वाटतं. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनी शेजारी बसल्यात : आनंदीबाई लुगड्यात, जपानची केइको ओकामी किमोनोत, आणि सीरियाची सबात इस्लामबूली तिच्या पारंपरिक वेषात. तीन देशांचे केस एका चौकटीत. आनंदीबाईंचे चापून मागे घेतलेले. मागे अंबाडा कसा होता, ते पर्वतीपायथाताई म्हणतात तसं, दिसत नाहीच.

डेक्कनकर

बालगंधर्वांचा उल्लेख कुणी करणार की नाही याची वाट बघत होतो. बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन पूर्णाकृती तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. त्यांच्या लुगड्याची, गजऱ्याची, अंबाड्याची नक्कल घरोघरच्या बायका करत.

पर्वतीपायथा

त्यावर बोलायला मला आवडेल, कारण तो माझ्या कामाचा भाग आहे. स्त्रीभूमिकेचा टोप बांधताना प्रेक्षकाला अंबाडा दिसावा म्हणून नट मान किती वळवणार याचा विचार करावा लागतो. रंगमंचावर मागची बाजू सतत दिसते. नट फिरतो, वळतो, पाठमोरा उभा राहतो. म्हणून केसांच्या बाबतीत नाटकाने व्यक्तिचित्रापेक्षा जास्त जपून ठेवलंय असं माझं म्हणणं आहे. गंगावन कुठे जोडायचं, आगवळ, म्हणजे वेणी बांधायची दोरी, कशी गुंडाळायची, अंबाड्याला आकार यावा म्हणून आत काय भरायचं, हे ज्ञान हातातून हातात आलं.

याच्याशी जुळणारी एक खरी गोष्ट सांगते. अमेरिकेत बाल्टिमोरला जॅनेट स्टीफन्स नावाच्या केशरचनाकार आहेत. संग्रहालयात ज्युलिया डोम्नाचा अर्धपुतळा त्यांनी मागून पाहिला आणि त्यांच्या धंद्याच्या नजरेला कळलं की हे केस पिनांनी थांबणार नाहीत. विद्वान मंडळी तोवर अशा अवघड रचना म्हणजे टोपच असणार असं बरेचदा धरून चालली होती. स्टीफन्स यांनी खऱ्या केसांवर सुई-दोऱ्याने शिवून त्या रचना उभ्या करून दाखवल्या, आणि २००८ मध्ये रोमन पुरातत्त्वाच्या मोठ्या नियतकालिकात त्यांचा लेख छापून आला. लॅटिन ग्रंथांतल्या ज्या शब्दाचा अर्थ सगळे केसांची पिन असा घेत होते, तिथे शिवायची सुई होती. पुतळा सगळ्यांनी पाहिला होता. मागून, आणि केस बांधणाऱ्या हातांच्या नजरेने पाहिला तो त्यांनी.

आपल्याकडच्या वेण्या घालणाऱ्या आज्यांना आणि नाभिकांना कुणी इतिहासाच्या परिषदेला बोलावलं तर किती गोष्टी सुटतील!

कुंचला

वा! फार मोलाची माहिती. अर्धपुतळ्याला मागची बाजू असते हे आम्ही चित्रकार विसरतो.

जाता जाता : मागच्या बाजूचा प्रश्न आपल्याकडच्या पुढच्या चित्रकारांना जाणवला होता. दीनानाथ दलालांच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरची बाई आठवा. मान वळलेली, चेहरा एका अंगाने, अंबाडा आणि त्यावरचा गजरा पूर्ण दिसतो. त्या वळणात लाडिकपणा आहेच, पण चित्रकाराची गरजही आहे. हळदणकरांच्या दिवा घेतलेल्या मुलीचं चित्रही असंच तिरकं पकडलेलं, समोरून नाही.

मुळाकाठ

मंडळी, एक मदत हवी. घरात एक जुना फोटो आहे, साल कुणालाच माहीत नाही. मधे खुर्चीत आजोबांचे वडील, काळी गोल टोपी, कोट, मिशी. शेजारी उभी बाई नऊवारीत, पदर खांद्यावर, डोक्यावर नाही. तिचा भांग मधोमध नसून डाव्या बाजूला, आणि कानावरून केस थोडे फुगवून मागे घेतलेत. एक मुलगी दोन वेण्यांची, वेण्या वर दुमडून रिबिनी बांधलेल्या. एका मुलाचे केस पूर्ण डोक्यावर, तेल लावून बाजूला भांग.

कसबापेठ

पगडी नाही, काळी टोपी आहे, आणि मुलाला घेरा-शेंडी नाही. म्हणजे विसाव्या शतकाची पहिली काही वर्षं सोडून द्या, त्यानंतरचा.

पर्वतीपायथा

बाईच्या भांगाकडे बघा. तिरका भांग त्या काळी मोठी गोष्ट होती, सासूबाईंचा डोळा असायचा त्यावर. कानावरचे केस फुगवलेले म्हणजे तेल कमी केलंय, नाहीतर ते बसूनच राहिले असते. शिवाय पदर खांद्यावर. मी १९३० ते १९४५ च्या दरम्यान धरेन. नऊवारी असल्यामुळे त्यातलाही आधीचा भाग. दुमडलेल्या वेण्या आणि रिबिनी म्हणजे मुलगी शाळेत जाणारी.

तुमच्याकडे मूळ प्रत असेल तर भिंगाखाली बाईच्या मानेची कड बघा. केसांच्या मागे काही चमकतंय का? फुलं असतील तर कडेला उंचसखलपणा दिसेल, सोन्याचं फूल असेल तर एकच टपोरा ठिपका.

मुळाकाठ

भिंगातून पाहिलं. उजव्या कानामागे गोल, चकचकीत कड आहे. फुलासारखी, पाकळ्यांची.

पर्वतीपायथा

मग ते अग्रफूल असण्याची शक्यता आहे. घरातल्या जुन्या दागिन्यांच्या डबीत मागे आकडा असलेलं सोन्याचं फूल आहे का, ते बघा आणि त्याचा फोटो इथे टाका.